‘मिळाले’ आणि ‘नेले’ : संग्रहालयांतील वस्तू परत करण्यामागील नीतिविचार

प्रास्ताविक

डिसेंबर २००२ मध्ये युरोप आणि अमेरिकेतील अठराच्या आसपास मोठ्या संग्रहालयांनी एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. सार्वत्रिक संग्रहालयांचे महत्त्व आणि मूल्य हा त्याचा विषय होता. पॅरिसचे लूव्र, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन, सेंट पीटर्सबर्गचे हर्मिटेज, माद्रिदचे प्रादो अशा नामवंत संस्थांच्या त्यावर सह्या होत्या. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने सही केली नाही, परंतु पाठिंबा दिला. आशिया, आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिका खंडातील एकाही संग्रहालयाची सही त्यावर नव्हती. स्वतःला सर्व जगाचे म्हणवणाऱ्या संस्थांच्या जाहीरनाम्यात जगाचा मोठा भाग अनुपस्थित असावा, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

त्यानंतर सोळा वर्षांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, सेनेगलचे अर्थतज्ज्ञ व लेखक फेल्विन सार आणि फ्रेंच कलेतिहासकार बेनेदिक्त साव्वा यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. फ्रान्सचे अध्यक्ष एमान्युएल माक्रों यांनी २०१७ साली वागाडुगू येथील भाषणात आफ्रिकेचा वारसा आफ्रिकेस परत करण्याचा मनोदय बोलून दाखविला होता. त्यातून हा अहवाल लिहिला गेला. वस्तू परत करण्याच्या प्रश्नावर जगभर जी चर्चा होते, ती आज या दोन लेखांच्या मधल्या जागेत होते. प्रस्तुत लेखात या दोहोंच्या भूमिका तपासून, दख्खनमधून इंग्लंडला गेलेल्या वस्तूंच्या, विशेषतः ग्रंथांच्या, कसोटीवर त्या कितपत उतरतात ते पाहावयाचे आहे.

जाहीरनाम्याची भाषा

२००२ च्या जाहीरनाम्याचा युक्तिवाद थोडक्यात असा आहे. पुरावस्तूंची आजची चोरटी वाहतूक निषेधार्हच होय. मात्र जुन्या काळी संग्रहालयांत आलेल्या वस्तू त्या काळाच्या मूल्यांनुसार पाहिल्या पाहिजेत. खरेदीने, देणगीने किंवा उत्खननातील वाटणीने आलेल्या या वस्तू कालांतराने त्या संग्रहालयांचा आणि पर्यायाने त्या देशांचाही वारसा बनल्या आहेत. शिवाय संग्रहालय एका राष्ट्राची सेवा करीत नाही, ते सर्व राष्ट्रांतील लोकांसाठी असते.

यातील शेवटचा मुद्दा टाकाऊ नाही. निरनिराळ्या संस्कृतींच्या वस्तू एका छताखाली पाहता येणे हा मोठा शैक्षणिक लाभ आहे, आणि कोणत्याही शिक्षकाला तो नाकारता येणार नाही. परंतु भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष दुसऱ्या एका गोष्टीकडे जाते. वस्तू येण्याचे जे तीन मार्ग जाहीरनाम्यात सांगितले आहेत, त्यांत लूट नाही. १८९७ साली इंग्रज फौजेने बेनिन शहर (आजच्या नायजेरियातील) जाळले, तेथील राजा ओबा ओव्होनराम्वेन यास कालाबार येथे हद्दपार केले आणि राजवाड्यातील पितळी व हस्तिदंती शिल्पे हजारोंच्या संख्येने नेली. त्यांतील सुमारे ९०० वस्तू आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. या घटनेला तीनपैकी कोणते नाव द्यावयाचे? संग्रहालयाने त्यांतील काही वस्तू नंतर कोणाकडून तरी विकत घेतल्या असतील, कोणी देणगीही दिल्या असतील. म्हणजे शेवटची पायरी सांगावयाची आणि पहिली गाळावयाची, अशी ही रचना आहे.

मराठीत ‘मिळणे’ हे क्रियापद असेच आहे. ‘संग्रहालयाला मूर्ती मिळाली’ या वाक्यात घेणारा चतुर्थीत आणि मूर्ती कर्तेपदी. ती कोणी उचलली, कोणाच्या हातून सुटली, हे सांगण्याची जबाबदारी वाक्यावर उरत नाही. ‘मूर्ती नेली’ म्हटले की लगेच प्रश्न येतो, कोणी नेली? संग्रहालयांतील पाट्या बहुधा ‘मिळाले’च्या व्याकरणात लिहिलेल्या असतात. वस्तू परत करण्याच्या नीतिविचाराचा आरंभ म्हणूनच वाक्याचा कर्ता शोधण्यापासून व्हावयास हवा.

संग्रहालये स्वतःस विश्वस्त म्हणवितात. या शब्दासही हाच न्याय लागू होतो. उर्दूतील ‘अमानत’ आणि मराठीतील ‘ठेव’ हे दोन्ही शब्द ठेवणाऱ्याला गृहीत धरतात. कोणी तरी विश्वासाने सोपविले असेल तरच ती ठेव होय. ज्याने सोपविलेच नाही, त्याच्या वस्तूचा सांभाळ कितीही उत्तम झाला तरी तिला अमानत म्हणता येत नाही.

तीन मार्ग आणि दख्खनमधील चार उदाहरणे

जाहीरनाम्यातील मार्गांची यादी किती अपुरी आहे, हे दूर न जाताही दाखविता येते.

पहिले उदाहरण श्रीरंगपट्टणचे. ४ मे १७९९ रोजी टिपू सुलतान पडला आणि विजयी फौजेने खजिन्याची वाटणी केली. इंग्रज शिपायावर झेपावणारा लाकडी वाघ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे आणि तो सर्वांना ठाऊक आहे. त्याच वेळी टिपूचा सुमारे २,००० ग्रंथांचा कुतुबखाना कंपनीच्या हाती गेला. चार्ल्स स्ट्युअर्ट यांनी त्याची वर्णनात्मक सूची १८०९ साली प्रसिद्ध केली. ग्रंथ कलकत्ता आणि इंग्लंड येथे विभागले गेले. ही सरळ युद्धातील लूट होय.

दुसरे उदाहरण विजापूरचे. आदिलशाही ग्रंथालयाचा उरलासुरला भाग आसार महालात होता. १८१८ नंतर विजापूर साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात होते. १८४८ साली ते राज्य खालसा झाले आणि विजापूर थेट इंग्रजी अंमलाखाली आले. बार्टल फ्रियर त्या वेळी साताऱ्यास इंग्रजांचे मुख्य अधिकारी होते. ग्रंथांची पाहणी आणि यादी याच सुमारास झाली आणि १८५३ मध्ये चारशेहून अधिक, प्रामुख्याने अरबी, हस्तलिखिते लंडनला कंपनीच्या ग्रंथालयात पोहोचली. येथे तोफ उडाली नाही, पैसेही मोजले गेले नाहीत. सरकारी पत्रव्यवहाराने काम झाले. ग्रंथ जीर्ण झाले होते हे खरे. परंतु जीर्ण ग्रंथ दुरुस्त करण्यासाठी समुद्रापार नेणे आणि कायमचे ठेवून घेणे, हा एकच उपाय होता असे म्हणता येत नाही. या प्रकाराला जाहीरनाम्यात शब्दच नाही.

तिसरे उदाहरण वाघनखांचे. साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांना ती पेशव्यांच्या कारभाऱ्याने भेट दिली, असे त्यांच्या पेटीवरील मजकूर सांगतो. १९७१ साली डफ यांच्या वंशजाकडून ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला देण्यात आली. कागदोपत्री ही देणगी. पण पेशवाईचा शेवट झालेल्या काळात जिंकणाऱ्या सत्तेच्या अधिकाऱ्याला दिलेली भेट कितपत स्वेच्छेची असते, हा प्रश्न राहतोच.

चौथे उदाहरण हैदराबादचे. ग्लासगो शहराच्या संग्रहालयांनी ऑगस्ट २०२२ मध्ये सात वस्तू भारतास परत करण्याचा करार केला. त्यांतील सहा मंदिरे व पूजास्थानांतून चोरीस गेलेल्या होत्या. सातवी वस्तू म्हणजे निजामाच्या संग्रहातील एक तलवार. १९०५ मध्ये ती चोरून विकली गेली आणि मुंबई इलाख्याच्या सेनापतीने ती विकत घेतली, असे संग्रहालयानेच नोंदविले. म्हणजे खरेदी झाली, पण विकणाऱ्यास विकण्याचा अधिकार नव्हता.

लूट, सरकारी हुकूम, दबावाखालील भेट आणि चोरीच्या मालाची खरेदी असे हे चार प्रकार. नीतीच्या दृष्टीने चारही एका तोलाचे नाहीत, आणि ते तसे मानूही नयेत. पण चौघांनाही समान असे एक आहे. मूळ मालकाची मुक्त संमती कोठेच दिसत नाही.

सार–साव्वा अहवाल : गुण आणि उणिवा

या ठिकाणी २०१८ च्या अहवालाचे महत्त्व जाणवते. फ्रान्सच्या सार्वजनिक संग्रहांत सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेच्या सुमारे ९०,००० वस्तू असून त्यांपैकी जवळजवळ ७०,००० एकट्या के ब्रांली संग्रहालयात आहेत, असे अहवालाने सांगितले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने पुराव्याचा भार उलटा केला. लष्करी मोहिमेतून किंवा वसाहतीच्या अधिकाऱ्यांकरवी आलेल्या वस्तूंबाबत, संमती होती असे सिद्ध होईपर्यंत ती नव्हती असे धरावे, अशी त्याची दिशा आहे. ज्याच्या हाती दप्तर, त्यानेच दाखला द्यावा, हे न्यायाला धरून आहे. डिसेंबर २०२० मध्ये फ्रान्सने कायदा केला. १८९२ साली आबोमे येथून नेलेल्या २६ वस्तू नोव्हेंबर २०२१ मध्ये बेनिन प्रजासत्ताकात पोहोचल्या. पश्चिम आफ्रिकेतील विद्वान आणि सत्ताधीश एल-हाज उमर ताल यांची मानली जाणारी तलवार २०१९ मध्ये उसनी म्हणून डकारला गेली होती, तिची मालकीही या कायद्याने सेनेगलकडे गेली.

अहवालाची उणीव अशी की परत करण्याचा व्यवहार तो मुख्यतः दोन सरकारांमधला मानतो. वस्तू मात्र पुष्कळदा आजच्या सरकारांहून जुन्या असतात. जर्मनीने जुलै २०२२ मध्ये बेनिनच्या शिल्पांची मालकी नायजेरियास देण्याचा करार केला. त्यानंतर मार्च २०२३ मध्ये नायजेरियाच्या अध्यक्षांनी शिल्पांचा मालक म्हणून ओबास मान्यता दिली, तेव्हा युरोपात गहजब झाला आणि केंब्रिज विद्यापीठाने त्या वर्षी आपला हस्तांतर समारंभ पुढे ढकलला. वास्तविक शिल्पे ओबाच्याच वाड्यातून नेली होती. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या घरातील वाटणीवर अट घालावी, ही मालकी सोडल्याची खूण नव्हे. नेदरलँड्सने २०२५ मध्ये ११९ वस्तू परत केल्या, यावरून हा वाद अनुल्लंघनीय नव्हता हे दिसते.

कोणाला परत करावयाचे?

तरीही ‘कोणाला’ हा प्रश्न केवळ पाश्चात्त्यांची सबब म्हणून झटकता येत नाही. टिपूच्या ग्रंथालयाविषयी स्ट्युअर्ट यांनी लिहून ठेवले आहे की त्यातील फारच थोडे ग्रंथ विकत घेतलेले होते. बहुतेक सावनूर, कडप्पा आणि कर्नाटकाच्या नवाबीतून लुटीत आलेले, तर काही पूर्वी विजापूर व गोवळकोंड्याच्या सुलतानांचे होते. आसार महालातील संग्रहाविषयीही, औरंगजेबाने १६८६ नंतर गाड्या भरभरून ग्रंथ नेले, अशी परंपरागत समजूत आहे.

‘निअमतनामा’ हा सचित्र पाकग्रंथ या गुंतागुंतीचा उत्तम नमुना आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस माळव्याचा सुलतान घियासशाह याच्यासाठी मांडू येथे त्याचे काम सुरू झाले आणि त्याच्या मुलाच्या काळात ते पूर्ण झाले. पुढे तो टिपूच्या संग्रहात आला आणि तेथून लंडनला गेला. आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. तो परत आलाच तर मध्य प्रदेशात जावा की कर्नाटकात?

या अडचणीचा निष्कर्ष मात्र काळजीपूर्वक काढला पाहिजे. टिपूकडील ग्रंथ लुटीचे होते म्हणून इंग्रजांची लूट शुद्ध होत नाही. एकावर एक दोन अन्याय झाले तर दोन्हींची नोंद करावयाची असते, वजाबाकी नव्हे. मांडू आणि श्रीरंगपट्टण यांच्यातील वाद भारतातील संस्थांनी भारतात सोडवावयाचा आहे. दोन भावांत वाटणीचा तंटा आहे, एवढ्यावरून शेजाऱ्याचा ताबा कायदेशीर ठरत नाही.

सुरक्षितता, कायदा आणि उसनवारी

परत न करण्यासाठी तीन कारणे नेहमी दिली जातात. पहिले सुरक्षिततेचे. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमला आपल्याच संग्रहातील सुमारे २,००० वस्तू चोरीस गेल्याचे, हरवल्याचे किंवा खराब झाल्याचे मान्य करावे लागले आणि संचालकांनी राजीनामा दिला. तेव्हा सुरक्षितता ही कोणा एका खंडाची मक्तेदारी नाही. पण इकडचा भागही झाकून ठेवू नये. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला आणि दुर्मिळ ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस झाली. एक हल्ला झाला म्हणून हक्क जात नाही. मात्र हक्क सांगणाऱ्यावर राखण करण्याची जबाबदारी येते.

दुसरे कारण कायद्याचे. १९६३ चा ब्रिटिश म्युझियम कायदा आणि १९८३ चा राष्ट्रीय वारसा कायदा विश्वस्तांना वस्तू देऊन टाकण्याची मुभा जवळजवळ देत नाहीत. युनेस्कोचा १९७० चा करारही मागील काळास लागू होत नाही. परंतु कायदा बदलता येतो, याचे उदाहरण ब्रिटिश लायब्ररीतच आहे. इटलीतील बेनेव्हेंतोच्या चर्चचा बाराव्या शतकातील एक प्रार्थनाग्रंथ दुसऱ्या महायुद्धाच्या गोंधळात नाहीसा होऊन अखेर लंडनला पोहोचला होता. सल्लागार मंडळाने तो परत करण्याची शिफारस २००५ मध्ये केली, तेव्हा कायदा आड आला. २००९ मध्ये नाझी काळात हिरावलेल्या वस्तूंसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि २०१० मध्ये तो ग्रंथ परत गेला. म्हणजे प्रश्न कायद्याचा नव्हता, कोणाचे दुःख कायदा बदलण्याजोगे मानावयाचे याचा होता.

तिसरा मार्ग उसनवारीचा. वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने साताऱ्यास आली. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत हे निश्चित सांगता येत नाही, असे देणाऱ्या संग्रहालयाने स्पष्ट केले होते. उसनवारीने लोकांना वस्तू पाहता येते, हा लाभ खरा. पण उसने घेणारा सहीनिशी दुसऱ्याची मालकी मान्य करतो, हेही तितकेच खरे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत आलेली पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार तर महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाख रुपयांना विकत घेतली होती. उसने घ्या नाही तर विकत घ्या, या दोन पर्यायांपलीकडे तिसरा, परत मिळण्याचा, पर्याय अजून क्वचितच व्यवहारात आला आहे.

तलवार आणि ग्रंथ

वरील उदाहरणे एकत्र पाहिली की एक गोष्ट ठळक होते. सार्वजनिक मागणी होते ती तलवारींची, हिऱ्यांची, मुकुटांची. टिपूची एक तलवार मे २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना विकली गेली आणि वर्तमानपत्रांचे रकाने भरले. त्याच सुलतानाच्या कुतुबखान्याविषयी सभेत ठराव झाल्याचे क्वचितच ऐकू येते. आफ्रिकेतही हेच दिसते. एल-हाज उमर यांची तलवार डकारला गेली, परंतु त्यांच्या घराण्याचे सेगू येथील ग्रंथालय, जे फ्रेंच फौजेने १८९० मध्ये नेले, ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात राहिले.

याचे कारण उघड आहे. तलवार काचेच्या पेटीत ठेवली की तिचे काम झाले, ती वाचावी लागत नाही. ग्रंथ परत आला तर वाचणारा लागतो. विजापूरच्या ग्रंथांतील अरबी, दख्खनच्या दप्तरांतील फारसी, सूफींची दख्खनी आणि मराठी कागदपत्रांची मोडी, या चारही वाटांवरचे जाणकार आज दख्खनच्या महाविद्यालयांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. मराठीच्या विद्यार्थ्याला फारसी परकी वाटते आणि उर्दूच्या विद्यार्थ्याला मोडी. वास्तविक आदिलशाहीचा महसुली कारभार मराठीतही चालत असे. दोन्ही विद्यार्थ्यांचा वारसा एकाच दप्तरात आहे.

डिजिटल प्रतीने हा प्रश्न सुटला असे समजणे घाईचे होईल. प्रत उपयुक्त आहे, तिची मागणी अवश्य व्हावी. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची डिजिटल हस्तलिखिते दीर्घकाळ वाचकांना दुरावली. किल्ली ज्याच्या हाती, दार त्याचेच.

समारोप

२००२ च्या जाहीरनाम्याने कर्ता लपविला. २०१८ च्या अहवालाने तो उघड केला, पण घेणाऱ्याच्या जागी केवळ सरकार उभे केले. या दोहोंच्या पुढे जावयाचे तर क्रम असा असावा. प्रथम प्रत्येक वस्तूची खरी नोंद, कोणी, कोठून, कोणाच्या संमतीने किंवा संमतीविना नेली याची. मग बळाने वा हुकमाने नेलेल्या वस्तूंची मालकी मूळ प्रदेशाकडे, विनाअट. त्यानंतर कोठे ठेवावयाचे, कोणाला दाखवावयाचे आणि कोणत्या संग्रहालयाला उसने द्यावयाचे, हे मालकाने ठरवावयाचे. असे झाले तर बेनिनचे शिल्प लंडनमध्ये पाहणे पुढेही शक्य राहील. फरक इतकाच की तेव्हा उसने घेणारे लंडन असेल.

या क्रमातील पहिली पायरी महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. स्ट्युअर्ट यांची १८०९ ची सूची छापील आहे. विजापूरच्या अरबी हस्तलिखितांचे वर्णन ओटो लोथ यांच्या १८७७ च्या सूचीत आहे. या दोन सूचींवरून, कोणता ग्रंथ दख्खनच्या कोणत्या गावाशी निगडित होता याची मराठी आणि उर्दू यादी पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. वस्तू मागण्याचा अधिकार इतिहासाने दिलेला आहेच. नेमके काय मागावयाचे हे सांगता येईल, तेव्हा त्या मागणीला वजन येईल.